कार्टूनचं डबिंग करायचंय? नवीन लोकांसाठी पहिल्यापासून सांगते

दर महिन्याला दोन-चार मेसेज येतातच, "ताई मला मिमिक्री मस्त येते, कार्टूनला आवाज द्यायचाय, कुठे जाऊ?" प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते. मी डोंबिवलीची, अकरा वर्षं झाली अंधेरीला डबिंगला जातेय, जास्त करून हिंदी आणि अधूनमधून मराठी, आणि माझ्या वाट्याला आलेली पात्रं म्हणजे सात ते दहा वर्षांचे ढीगभर मुलगे, दोन शेळ्या, एक साळिंदर आणि एक बोलणारा फ्रीज. तर माझं ज्ञान तेवढंच, जाहिरात आणि ऑडिओबुकवाल्यांचं जग वेगळं आहे, ते इथे नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. मिमिक्री आणि हे काम, दोन्हींचं नातं आहे पण लांबचं. मिमिक्रीत दोन मिनिटं आवाज काढायचा, टाळ्या घ्यायच्या, विषय संपला. इथे तोच आवाज तीन तास लावायचा, त्याच आवाजात रडायचं, पळायचं, पाण्यात पडायचं, आईशी भांडायचं, आणि तीन महिन्यांनी पुढचे एपिसोड आले की परत अगदी तस्साच लावायचा. नवीन मुलं इथेच आपटतात. आवाज काढता सगळ्यांना येतो हो, टिकवता येत नाही.

पायरी १ : कुठलं काम करायचंय ते समजून घ्या

दोन प्रकार असतात. एक म्हणजे बाहेरून आलेली सिरीज, जपानची किंवा अमेरिकेची, चित्र आधीच तयार आहे, तोंडं हलतायत, तुम्ही फक्त त्या तोंडात आपली भाषा बसवायची, हे डबिंग. दुसरं म्हणजे इथेच बनणारी सिरीज, तिथे बऱ्याचदा आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि ॲनिमेटर त्यावर तोंड हलवतात, म्हणजे तुम्ही थांबलात तर पात्र थांबणार, तुम्ही हसलात तर हसणार. दुसऱ्यात मोकळीक जास्त, पण समोर बघायला काही नसतं, एखादं स्केच आणि डायरेक्टरचं वर्णन, "हा ना थोडा घाबरट आहे पण आव आणतो", बास. नवीन माणसाला साधारण पहिल्या प्रकारातच काम मिळतं, आणि तिथेही गर्दीत. म्हणजे "अरे पळा पळा", "वा वा", "हे काय झालं" असं चार जणांनी मिळून ओरडायचं. माझी पहिली तीन महिने कमाई गर्दीचीच होती. लाज वाटून घेऊ नका, बूथमध्ये (रेकॉर्डिंगची काचेची बंद खोली) उभं राहायची सवय तिथेच लागते.

बायकांसाठी एक चांगली बातमी. छोट्या मुलग्यांचे आवाज जगभर बहुतेक बायकाच देतात, कारण सरळ आहे, खरा मुलगा घेतला तर बाराव्या-तेराव्या वर्षी त्याचा आवाज फुटतो आणि सिरीज तर दहा-दहा वर्षं चालते. जपानमध्ये नोबुयो ओयामांनी १९७९ ते २००५ डोरेमॉन केला, मासाको नोझावा १९८६ पासून ड्रॅगन बॉलमधला गोकू करतायत. आपल्याकडे हिंदी डोरेमॉन आणि छोटा भीम सोनल कौशलचा, आणि नॉडी, निंजा हातोडी आपल्या मेघना एरंडेचे. पुरुषांनी निराश होऊ नका, मोटू आणि पतलू या दोघांनाही बरीच वर्षं एकट्या सौरव चक्रवर्तीनं आवाज दिलाय, म्हणजे स्वतःशीच भांडायचं, स्वतःच समोसे मागायचे आणि स्वतःच वैतागायचं. आणि जुन्या लोकांना आठवत असेल, दूरदर्शनवर मोगली लागायचा त्यातला शेरखान नाना पाटेकरचा होता. कुठे आवाज बदलला त्यानं? आपल्याच आवाजात बोलला आणि आम्ही पोरं पांघरुणात.

पायरी २ : भाषा घासा

हे कोणाला आवडत नाही ऐकायला पण हिंदी डबिंगमध्ये मराठी माणूस दोन सेकंदात पकडला जातो. ज़ आणि फ़ चं जरा सरावानं जमतं, खरी गोची आहे ऐ आणि औ ची. आपण मराठीत "पइसा", "कउन" असं म्हणतो, हिंदीत तो स्वर एकच सलग आहे, तोंड थोडं जास्त उघडून. "कौन है" हे दोन शब्द रोज पन्नास वेळा म्हणा आणि रेकॉर्ड करून ऐका, मी सहा महिने केलंय लोकलच्या दारात उभं राहून, बायका बघायच्या. लिंगाचा घोळ पण होतो, आपलं दही आंबट असतं, त्यांचं "खट्टा" असतं, आपण नपुंसकलिंगवाले अडकतोच तिथे.

मराठी फीडचं दुखणं वेगळं. गेल्या काही वर्षांत मुलांच्या काही चॅनेलवर मराठी ऑडिओ आलाय, चांगलंय, पण स्क्रिप्ट कधीकधी हिंदीवरून घाईघाईत केलेली असते. मग आठ वर्षांचं पोर म्हणतं "मी बाहेर खेळायला जात आहे". कुठलं पोर असं बोलतं? "मी चाललो खेळायला!" बोलतं. नवीन असताना स्क्रिप्ट बदलायचा हक्क नसतो आपल्याला, पण डायरेक्टरला हळूच विचारायचं, "सर, असं म्हणून एक देऊ का?" बहुतेक जण हो म्हणतात. आणि ळ, ण, आणि दोन प्रकारचे च-ज नीट करा. चमच्यातला च आणि चहातला च वेगळा आहे, काचेपलीकडे बसलेला माणूस मराठी नसेल तर तुमची चूक त्याला कळणारही नाही आणि तशीच घराघरात जाईल.

पायरी ३ : ओठ बघायला शिका

डबिंगचं अर्धं कौशल्य कानात नाही, डोळ्यात आहे. प फ ब भ म या अक्षरांना ओठ मिटतात, बाकीच्यांना मिटत नाहीत. समजा पडद्यावरची मुलगी ओरडतेय "हेल्प मी". यात ओठ बरोब्बर मधोमध एकदा मिटतात, कारण प आणि म लागून येतात. आता मराठीत "वाचवा!" म्हणलात तर ओठ कुठेच मिटत नाहीत, तिचं तोंड मिटलेलं दिसतंय आणि आवाज चालूच, विचित्र वाटतं. "मदत करा" म्हणलात तर सुरुवातीलाच मिटले, तेही चुकलं. "वाचव मला" म्हणा, म मधे आला, बसलं की नाही? हे बसवायचं काम खरं तर स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचं, पण बसवलेलं नसलं की बूथमध्ये तुमच्याच गळ्यात पडतं. जपानी सिरीजमध्ये मात्र जरा सुटका असते, तिथे तोंडाचे आकार मोजून दोन-तीन, बंद, अर्धं, उघडं, तेवढंच फडफडतं, त्यामुळे लांबी जुळली की काम झालं. म्हणून सराव करायचा तर आधी ती घ्या.

पायरी ४ : एक पात्र, एक किल्ली

आता मुद्द्याचं. आवाज टिकवायचा कसा. मी काय करते ते सांगते, दुसऱ्यांची पद्धत वेगळी असेल.

पात्राचं चित्र बघते आणि तीन-चार प्रश्न विचारते. दात कसे आहेत? पुढचे दोन मोठे असतील तर जीभ थोडी पुढे लागेल. मान आहे का? (हसू नका, बिनमानेची पात्रं घशातून बोलतात असं मला वाटतं.) चालतं की उड्या मारतं? श्वास कुठे घेतं? मग आवाज कुठे बसवायचा ते ठरवते, नाकात, कपाळात, घशाच्या मागे की छातीत. आणि मग एक वाक्य शोधते, जे म्हणलं की तो आवाज आपोआप जागेवर येतो. त्या साळिंदराचं वाक्य होतं "अगं आई गं, माझा डबा!" ते सिरीजमध्ये कुठेच नव्हतं, मीच केलेलं. पण "अगं आई" म्हणताना आवाज वर चढायचा आणि "डबा" ला नाकात बसायचा, बस, साळिंदर हजर. प्रत्येक टेकच्या आधी हळूच पुटपुटायचे. रेकॉर्डिस्टला वाटायचं हिला भूक लागलीये, एकदा बिचाऱ्यानं वडापाव मागवला.

ही किल्ली पहिल्याच दिवशी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, पात्राचं नाव आणि तारीख टाकून. मी एकदा ठेवली नव्हती. चार महिन्यांनी दुसरा सीझन आला, मी माझ्या आठवणीतला आवाज लावला, दोन एपिसोड झाल्यावर डायरेक्टरनं जुना ऐकवला आणि माझं पोर चक्क तीन वर्षांनी मोठं झालेलं होतं. दोन्ही परत केले, त्याचे पैसे अर्थातच मिळाले नाहीत, आणि मागायला तोंडही नव्हतं.

आणि हो, ज्या आवाजात तुम्ही वीस मिनिटं सलग बोलू शकत नाही तो आवाज ऑडिशनला देऊच नका. मिळाला रोल तर काय कराल?

पायरी ५ : डेमो

डेमो म्हणजे स्टुडिओला पाठवायचा तुमच्या आवाजाचा नमुना. साठ ते नव्वद सेकंद, त्याहून मोठा कोणी ऐकत नाही. सुरुवातीला पाच सेकंद स्वतःच्या साध्या आवाजात नाव आणि भाषा, मग चार-पाच पात्रं, सगळ्यात भारी असेल ते पहिलं. खाली म्युझिक लावू नका, त्यांना आवाज ऐकायचाय, ढोल नाही. डोरेमॉनची किंवा मोटूची नक्कल तर अजिबात टाकू नका, ते काम करणारी माणसं ऑलरेडी आहेत, तुमची नक्कल घेऊन काय करणार? त्यापेक्षा एकच वाक्य घ्या, "मी नाही केलं, त्यानंच केलं", आणि ते घाबरलेल्या पोरानं, खोटं बोलणाऱ्या पोरानं आणि खरंच न केलेल्या पोरानं कसं म्हटलं असतं ते द्या. तीन वेगळे आवाज नसले तरी चालेल, तीन वेगळी पोरं पाहिजेत.

घरी रेकॉर्ड करताना महाग माइक नंतर घ्या, आधी खोली बघा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्यात तोंड घालून बोला, मागे गोधडी टांगा, पंखा बंद, फ्रीज बंद (परत चालू करायला विसरू नका, आमच्याकडे दूध नासलंय). अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्यानं बाहेरचा आवाज थांबत नाही, फक्त घरचे चिडतात. माइकपासून एक वीत अंतर, मधे पॉप फिल्टर (प-फ ची फुंकर अडवणारी जाळी), रेकॉर्डिंग ॲपच्या मीटरवर आवाजाची पातळी वजा सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्हमध्ये ठेवा आणि पाठवायला एमपीथ्री करा, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि फाइलला स्वतःचं नाव द्या. "न्यू रेकॉर्डिंग ४७" नावाच्या फाइलवाल्याला कोण शोधणार?

पायरी ६ : जायचं कुठे

मुंबईत हे काम बहुतांशी अंधेरी वेस्ट, ओशिवरा, वर्सोवा, आरामनगर आणि पुढे गोरेगाव-मालाड या पट्ट्यात. आमच्यासारख्या सेंट्रलवाल्यांनी घाटकोपरला उतरून वर्सोव्याची मेट्रो धरायची, २०१४ ला ती सुरू झाली आणि माझे रोजचे दोन तास वाचले. स्टुडिओत आधी मेसेज करून जा, को-ऑर्डिनेटर (कलाकारांना कामाला बोलावणारा माणूस) कोण ते विचारा, डेमो द्या, दोन महिन्यांनी एकदा आठवण करा, रोज गुड मॉर्निंग पाठवू नका प्लीज. असोसिएशन ऑफ व्हॉइस आर्टिस्ट्स ऑफ इंडिया म्हणून कलाकारांची संघटना आहे, दोन-चार कामं झाली की तिथे चौकशी करा.

ऑडिशनचे पैसे कोणी मागितले तर उठून या. "कोर्स करा, काम गॅरंटीड" म्हणणाऱ्या एका ठिकाणी माझ्या मैत्रिणीचे पंचवीस हजार गेले, सर्टिफिकेट मिळालं, लॅमिनेट केलेलं, काम एकही नाही. चांगले वर्कशॉप असतात, नाही असं नाही, पण शिकवणारा माणूस स्वतः हल्ली बूथमध्ये जातो का तेवढं बघा. त्यापेक्षा एखाद्या प्रायोगिक नाटकाच्या ग्रुपला जा की, बालनाट्य असेल तर सोन्याहून पिवळं.

पायरी ७ : बूथमधला पहिला दिवस

बांगड्या, पैंजण, खुळखुळणारे कानातले, कडक स्टार्चचा कुर्ता, नायलॉनचं जॅकेट, सगळं घरी. माझ्या पहिल्या दिवशी सारखा टेक कट होत होता आणि मला वाटत होतं माझंच चुकतंय, शेवटी रेकॉर्डिस्ट आत आला आणि माझ्या मंगळसूत्राकडे बोट दाखवलं. सुती मऊ कपडे, आणि पोट भरलेलं पण गच्च नाही, कारण माइक पोटातली गुरगुर पण पकडतो.

स्क्रिप्ट आधी मिळेल असं समजू नका. बहुतेक वेळा तिथे गेल्यावरच हातात येते आणि तुम्ही एकटेच असता, समोरच्या पात्राचा आवाज आधी रेकॉर्ड झाला असेल तर नशीब, नाहीतर हेडफोनमध्ये जपानी ऐकू येतं आणि त्याला मराठीत उत्तर द्यायचं. म्हणून न वाचलेला मजकूर पहिल्या झटक्यात मोठ्यानं वाचायची सवय लावा, पेपर वाचा, वाणसामानाची यादी वाचा, काहीही. पेन्सिल बाळगा, थांबा असेल तिथे तिरकी रेघ, श्वास असेल तिथे टिंब. हेडफोन एका कानावर अर्धा सरकवून ठेवला तर स्वतःचा आवाजही कळतो. आधी मूळ आवाजाचा तुकडा ऐकवतात (त्याला पायलट म्हणतात), मग तुमचा टेक. ओळ सुरू व्हायच्या आधी पात्र श्वास घेतं ना, त्याच्याबरोबर तुम्हीही घ्या, सुरुवात आपोआप जुळते.

मग रिॲक्शन. हे नवीन लोकांना माहीतच नसतं. डायलॉग सोडून जे काही तोंडातून येतं ते सगळं, धापा, हुंदका, आवंढा, उडी मारतानाचा "हुप", डोक्यावर नारळ पडल्यावरचा "आँ", झोपेतलं घोरणं. चित्रात पोर अर्धा मिनिट पळत असेल तर तुम्ही अर्धा मिनिट जागेवर उभं राहून धापा टाकायच्या, पाय न हलवता, कारण पायाचा आवाज येतो. चक्कर येते पहिल्यांदा, खरंच, माझ्या डोळ्यापुढे अंधारी आली होती, तेव्हा मधे मधे थांबून करा. खाताना बोलायचं असेल तर मूठ ओठांवर दाबून बोला, तोंड भरल्यासारखं वाटतं. बग्ज बनीवाला मेल ब्लँक खरं गाजर चावायचा आणि मग थुंकून टाकून डायलॉग म्हणायचा म्हणतात, आपल्याला स्टुडिओवाले बाहेर काढतील.

ओरडायचे सीन शेवटी ठेवायची विनंती करा. आधी ओरडलात की उरलेले दोन तास घसा फाटलेला, आणि मग ते गोड पोर बिडी ओढणाऱ्या काकांसारखं बोलतं. बहुतेक डायरेक्टर स्वतःच तसं करतात, पण नाही केलं तर बोला, त्यात काही उद्धटपणा नाही.

घशाबद्दल थोडक्यात. सकाळी दहा मिनिटं गुणगुणणं आणि ओठ फुरफुरवणं, घोड्यासारखं. साधं पाणी दिवसभर, बर्फ नाही. सेशनच्या आधी दुधाचा चहा नको, थुंकी चिकट होते आणि माइकवर चटचट येतं, हिरवं सफरचंद खाल्लं की ती कमी होते. कुजबुजून बोलल्यानं घशाला आराम मिळत नाही, उलट ताण येतो, त्यापेक्षा गप्प बसा. आणि आवाज बसलेला दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर हळद-दूध बंद करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

पायरी ८ : पैसे आणि कागद

रेट आधी विचारा, एपिसोडवर की तासावर, गर्दीचे वेगळे की त्यातच. पैसे लगेच मिळत नाहीत, दोन-तीन महिने धरूनच चाला, म्हणजे नोकरी सोडून येणार असाल तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून या. वहीत तारीख, सिरीज, पात्र, किती तास, कोणी बोलावलं सगळं लिहा. मी एकदा लिहिलं नव्हतं, एका स्टुडिओनं अकरा एपिसोडचे सातच धरले आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही. पॅन कार्ड पाहिजे, टीडीएस साधारण दहा टक्के कापतात, वर्षाच्या शेवटी २६एएस मध्ये (इन्कम टॅक्सकडची कापलेल्या कराची नोंद) दिसतो का बघा आणि रिटर्न भरा, बऱ्याचदा परत मिळतो.

सही करायच्या आधी एक कलम शोधा, तुमचा आवाज एआय ट्रेनिंगला किंवा क्लोन बनवायला वापरू असं कुठे लिहिलंय का. आजकाल असतं, बारीक अक्षरात, "सर्व तंत्रज्ञान, सध्याचं आणि भविष्यातलं" अशा भाषेत. नवीन माणसाला नाही म्हणायला भीती वाटते, मला कळतं, पण निदान विचारा तरी आणि उत्तर मेलवर घ्या. २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टानं अरिजित सिंगच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला, परवानगीशिवाय त्याचा आवाज एआयनं बनवण्याविरुद्ध, म्हणजे कोर्ट ऐकतं. पण तो अरिजित आहे आणि आपण शेळी, तेव्हा कागदावरच जपून राहा.

पोरांच्या आईबाबांसाठी

"आमची पिंकी खूप गोड बोलते" वाले मेसेज पण येतात. खऱ्या मुलांना काम मिळतं, पण बालकलाकारांसाठी कायदा आहे, बालकामगार कायद्यातली २०१६ ची दुरुस्ती आणि २०१७ चे नियम. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतले किमान वीस टक्के त्याच्या नावावर बँकेत फिक्स्ड डिपॉझिट. हे विचारलं म्हणून कोणी तोंड वाकडं केलं तर मुलाला घेऊन घरी या. आणि पोराला कंटाळा आला की थांबवा, कंटाळलेलं पोर माइकवर लगेच कळतं.

आता या आठवड्यात करायचं काय ते सांगते आणि थांबते, माझी साडेचारची गाडी आहे. कुठल्याही कार्टूनची दोन मिनिटं घ्या, आवाज म्यूट करा, काय बोलत असतील ते स्वतः मराठीत लिहा, ओठ बघून बसवा, मोबाइलवर रेकॉर्ड करून व्हिडिओला जोडा. घरच्यांना दाखवू नका, ते छानच म्हणणार. शेजारचं पाच-सहा वर्षांचं पोर पकडा, काही न सांगता त्याच्या हातात फोन द्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसा. कुठल्या सेकंदाला त्यानं मान वर केली, तो सेकंद लिहून ठेवा. तिथला डायलॉग परत करायचा.